केरातले सोने, तेजाबातली चांदी

सोनाराच्या दुकानातला केर सहसा उकिरड्यावर जात नसे. दैवज्ञ सोनारांची जुनी वस्ती असलेल्या रत्नागिरीकडच्या गावांपासून घाटावरच्या पेठांपर्यंत भट्टीची राख, कानशीचा कीस आणि झाडलोट यांना गिऱ्हाईक होते. महाराष्ट्रात हे धुण्याचे काम झारेकऱ्यांचे. माती पाण्यात निथळून ते जड कण वेगळे काढीत आणि पाऱ्यात घोळवीत. पारा तापवून उडवला की सोनेचांदी मागे उरे. त्या वाफेने कुणाची छाती भरली, याची नोंद मात्र पेढीच्या वहीत होत नसे.

विसाव्या शतकात सोने गाळण्याच्या धंद्यात नाव काढले ते सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातील गलाई कारागिरांनी. शेतीत भागेना म्हणून घर सोडलेली ही माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटवरचे नवे दागिने बंद केले, 1968 च्या कायद्याने सोने शुद्ध करायलाही परवाना लागू झाला. 1990 मध्ये तो कायदा रद्द झाला.

मोडीच्या सोन्यात चांदी आणि तांबे असते. गलाईवाला त्यात आणखी चांदी घालून सोन्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आणतो, कारण सोने जास्त असले तर तेजाब आत शिरत नाही. या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, तापवताना तांबूस धूर निघतो. चांदी-तांबे विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी बसते. हे सोने आहे असे नवख्याला सांगूनही पटत नाही. सवागी (टाकणखार) घालून मुशीत वितळवले की मग ते झळकते. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की तिच्यावर राखाडी चांदी धरते. 1 किलो तांबे विरघळले की सुमारे 3.4 किलो चांदी सुटते. पाणी निळे पडते. त्यात मोडके लोखंड टाकले की तांबेही खाली बसते.

इतकी काटकसर धातूची, तेजाबाची नाही. सोन्यापुढे ते स्वस्त, त्यामुळे लहान दुकानात त्याचा धूर धुराड्यातून जाई. तो हवेसह पाण्याच्या फवाऱ्यातून नेला तर नायट्रिक ॲसिड परत मिळते, पण त्यासाठी यंत्रणा लागते. 2016 च्या घातक कचरा नियमांत धातूच्या पृष्ठभाग-प्रक्रियेतील वापरलेले ॲसिड घातक कचऱ्यात मोडते.

पोलाद कारखान्यात हिशेब उलटा. पत्र्यावरचा गंज काढणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड तिथे टाक्यांनी लागते. म्हणून मोठे कारखाने ते भट्टीत फवारून पुन्हा वापरतात, आणि उरलेले लोह ऑक्साइड फेराइट चुंबक व तांबड्या रंगासाठी विकतात.