ताशी पेनीसुद्धा नाही

आधी पाय खाली टेकवा. गार लागली ना जमीन? सहाची घंटा वाजून गेली, बाहेर अजून मिट्ट काळोख आहे आणि कालच्या सुजलेल्या पावलांवर तुम्हाला लोकरी मोजे चढवायचेत. आरशात असं दचकून काय बघताय? पुरुष असलात तरी आज तुम्ही बाईच आहात. 1890चा जानेवारी, लंडनचा व्हाइटचॅपल भाग आणि तुम्ही लंडन हॉस्पिटलातल्या शिकाऊ नर्स. इथं म्हणतात प्रोबेशनर. कॉलरला एवढी खळ आहे की जोरात मान वळवली तर कापेल. टोपी नीट बसवा, चला.

साडेसहाला नाश्ता, म्हणजे पाव गिळायचा आणि वर कढत चहा ओतायचा. सातच्या ठोक्याला वॉर्डात. दार ढकललंत की पहिला हल्ला नाकावर: कार्बोलिकचा झणका, कोळशाच्या शेगडीचा धूर, रात्रभर जळलेला गॅस, जवसाच्या पोटिसाचा चिकट उबट वास आणि या सगळ्याखाली माणसांचा घाम. खिडकी जरा उघडलीत तर रस्त्यावरून ओल्या गवताचा आणि घोड्यांच्या लिदीचा भपका येईल. आज मंगळवार, जवळच गवताचा बाजार भरलाय. गाडीवाले एकमेकांच्या आया-बहिणी काढतायत. त्यांचं इंग्रजी तुम्हाला कळत नाहीय ते एका अर्थी बरंच आहे.

सिस्टर आली. तिला तिच्या वॉर्डच्या नावानंच हाक मारायची. आईबापांनी ठेवलेलं नाव तिनं बहुधा फाटकाबाहेर सोडलंय. ती बोट दाखवते आणि तुम्ही पळता. चादरी, बेडपॅन, शेगडीत कोळसा, पुन्हा बेडपॅन. या हॉस्पिटलात आठशेच्या आसपास खाटा आहेत आणि यंदाच्या थंडीत इन्फ्लुएंझानं त्या रिकाम्या राहू द्यायच्या नाहीत असं ठरवलेलं दिसतंय. ज्याला सगळं लंडन ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखतं तो जोसेफ मेरिकसुद्धा याच आवारात राहतो. त्याला बघायची हौस असेल तर ती विसरा. कोपऱ्यातला म्हातारा ओकतोय, तिकडं धावा.

खिडकीजवळच्या खाटेवर गोदीतला एक हमाल आहे. ओझं पडून त्याचं पाऊल चिरडलंय. तुम्ही पट्टी सोडवताना तो दात आवळून धरतो आणि दुखणं विसरायला बडबडत राहतो. गेल्या वर्षीच्या गोदीतल्या संपाच्या गोष्टी ऐकवतो. “तासाला सहा पेन्स मिळवले आम्ही! तुम्हाला किती?”

पाणी गार व्हायच्या आत हिशेब करा. पहिल्या वर्षाचा तुमचा पगार 12 पौंड. महिन्याचा नव्हे हो, वर्षाचा. पौंडाचे 240 पेन्स, म्हणजे झाले 2,880. सकाळी सात ते रात्री नऊ वीस एवढा दिवस, त्यातून जेवणं आणि दोन तासांची मोकळीक वजा केलीत तरी अकरा तासांच्या खाली उतरत नाही. वर्षाला तीनशेच दिवस धरले तरी तासाला एक पेनीसुद्धा पडत नाही. राहणं-जेवण मिळतं, ते खरं. पण दुपारचं मटण ताटात येऊ द्या, मग सांगा ते पगारात धरायचं की कापायचं!

हमालाला आकडा सांगू नका. उगाच संप करायला सांगेल.

दुपारी बडे सर्जन येतात. मागे विद्यार्थ्यांचा घोळका, तुम्ही तस्त धरून पाठ ताठ. गंमत म्हणजे त्यांना इथं काहीच पगार नाही. ते मानद आहेत. पण इथल्या नावावर श्रीमंतांच्या घरची प्रॅक्टिस चालते, बग्गी बाहेर उभी असते. तुम्हाला पगार आहे, बग्गी नाही.

तुमची तर्जनी ठणकतेय का? दाखवा. नखुरडं झालंय. जखमा धुता धुता पू आत गेला. इथं हे इतक्या जणींना होतं की कुणी दचकतही नाही. सिस्टरला सांगितलंत तर ती मेट्रनकडं पाठवेल आणि मिस ल्युकेस यांच्या वहीत तुमच्याबद्दल एक ओळ वाढेल. ही बाई अवघ्या सव्विसाव्या वर्षी इथली मेट्रन झाली. प्रत्येक प्रोबेशनरचा स्वभाव, चालणं-बोलणं ती वहीत टिपून ठेवते. पगाराचं बोलणाऱ्या मुलीबद्दल तिथं काय उमटेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. सेवा म्हटली की पैशाचं नाव काढायचं नसतं. हे ऐकून आपल्याकडच्या कुणाची आठवण झाली तर त्याला मी काय करू!

या तक्रारी थोड्याच महिन्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढं जाणार आहेत: लांबलचक तास, खराब जेवण, आजारी पडणाऱ्या मुली. त्या चौकशीसाठी पुढाकार घेणारे लॉर्ड सँडहर्स्ट पुढं मुंबईचे गव्हर्नर होतात. सँडहर्स्ट रोड स्टेशनवर लोकलची वाट बघताना पाय दुखले तर आठवा.

नऊ वीस. सुटलात. जिना चढताना कठडा धरा. खोलीत तस्तात कोमट पाणी ओता, पावलं सोडा. हाऽऽ.

तेवढ्यात दारावर टकटक. उद्या तुम्हाला एका खासगी घरी पाठवतायत, तिथल्या बाईसाहेबांना ताप आहे. वॉर्डापेक्षा बरं, मऊ गालिचा असेल. त्या घरून तुमच्या कामाची भरघोस फी येईल, आठवड्याच्या आठवड्याला.

ती हॉस्पिटलात जमा होते. पाणी गार होतंय, पाय पुसा.