दाखल केल्यावाचून दारू सुटत नाही?

गुजरातेतल्या चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार-धुळ्याकडच्या ऊसतोड्यांचे पडाव पडतात. शेजारच्या कडोदरा-पलसाण्याच्या मिलांत आधीच कितीतरी खानदेशी घरे स्थिरावली आहेत. यांपैकी एखाद्या घरात दारूचा प्रश्न निघाला की सल्ला ठरलेला असतो: "याला दाखल करा. महिनाभर कोंडल्याशिवाय सुटायची नाही." सुशिक्षितही हेच सांगतात, अनेक डॉक्टरही. या मताचे खंडन करणे मला आवश्यक वाटते, कारण त्यापायी उपचारच टळतो.

प्रथम प्रतिपक्ष नीट मांडू. दाखल केल्याने माणूस गुत्त्यापासून आणि पिणाऱ्या सोबत्यांपासून दूर राहतो. घरच्यांना उसंत मिळते. दारू एकाएकी थांबली की हातांना कंप सुटतो, काहींना झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तेव्हा डोळ्यांसमोर ठेवणेच बरे. शिवाय ओपीडीचा रुग्ण दोन खेपांनंतर फिरकत नाही. यातला एकही मुद्दा पोकळ नाही.

पण पुरावा काय सांगतो? 1989 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हायाशिदा आणि सहकाऱ्यांनी 164 पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. त्रास सौम्य ते मध्यम असलेल्या या रुग्णांपैकी काहींची दारू घरी ठेवून उतरवली, काहींची दाखल करून. उपचार पुरा करणारे दाखल गटात 95 टक्के, तर बाह्यरुग्णांत 72 टक्के होते. इथवर प्रतिपक्षाची सरशी. गंभीर गुंतागुंत मात्र कोणत्याच गटात झाली नाही, आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. खर्चात मात्र कितीतरी पटींचा फरक होता. दाखल करण्याने मिळालेली आघाडी सहा महिन्यांत विरली, मग "त्याशिवाय सुटतच नाही" हे विधान कशाच्या आधारावर?

आता गुत्त्यापासून दूर नेण्याचा मुद्दा. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. तरीही 2016 साली कडोदऱ्याजवळच्या वरेलीत विषारी दारूने माणसे दगावली. संपूर्ण राज्याला कायद्याचे कुंपण घालूनही दारू पोहोचते, तर व्यसनमुक्ती केंद्रातला एक महिना पुढच्या अकरा महिन्यांना कसा पुरणार? एकतिसाव्या दिवशी माणूस त्याच खोलीत, त्याच पाळीला, त्याच सोबत्यांत परततो. नकार द्यायला त्याने तिथेच शिकायचे आहे. ओपीडीत दर आठवड्याला नेमके हेच विचारले जाते: पगाराच्या दिवशी काय केलेस? कोणी बोलावले? घसरलास तर कुठे? नाल्ट्रेक्सोनसारखी गोळी ओढ कमी करते, समुपदेशक पुढच्या आठवड्याची तयारी करून घेतो, बायको शेजारी बसून ऐकते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. डायसल्फिरामची गोळी चहातून किंवा भाजीतून चोरून देणारी घरे आहेत. त्यावर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो. रुग्णाला माहीत असेल आणि मान्य असेल तरच ही गोळी द्यावी, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मुख्य मुद्दा पोटाचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल या जोडीच्या नावावर. नवरा महिनाभर केंद्रात गेला की कोयता मोडतो आणि एकट्या बाईच्या मोळ्यांवर उचल फिटत नाही. मिलमधल्या माणसाची पाळी दुसऱ्याला जाते. अशा घराला "दाखल करा" म्हणणे म्हणजे "उपचार घेऊ नका" म्हणणेच नव्हे काय? एम्सने केलेली राष्ट्रीय पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या पुरते आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन मिळतो तो 180 जणांमागे एकाला. उरलेल्या 179 जणांना काय सांगायचे? खाट रिकामी होईपर्यंत पीत राहा?

गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. वर्षानंतर घातक पिणे आटोक्यात आलेले समुपदेशनाच्या गटात 54 टक्के, तर इतरांत 32 टक्के होते. हे पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते, पुरते आहारी गेलेले नव्हते, हे मान्य. पण आहारी जाण्याआधीच गाठणारा उपचार खाटेवर मिळतो की गावच्या दवाखान्यात?

पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र पुढे करून कोणी मला अडवील. डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये उभे केलेले ते काम मला वंदनीय आहे. पण निवासी उपचारानंतरचा पाठपुरावा आणि पत्नींचा 'सहचरी' गट ही तिथल्या कामाचीच अंगे आहेत. निवासी उपचाराचे आदर्श केंद्रही घरी परतलेल्या माणसाला सोडत नाही, मग भांडण कशाचे?

खाट लागते, निश्चित लागते: पूर्वी झटके किंवा भ्रम झाला असेल, यकृत बिघडले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, घरी लक्ष ठेवायला कोणी नसेल, तेव्हा. ती निवड डॉक्टरांनी तपासून करावी, शेजाऱ्यांनी नव्हे. आणि दारू स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

घरात असा माणूस असेल तर खाटेची वाट पाहू नका. मनोविकार विभागाच्या ओपीडीत जा. रोज किती पितो, शेवटचा घोट कधी घेतला, पूर्वी झटके आले होते का, हे पहिल्याच भेटीत सांगा. कुठे जावे हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 वर आहे. फोनला पैसे पडत नाहीत.