मुहपत्ती, मास्क आणि सासूबाई



परवा कपाट आवरताना कापडी मास्कची पिशवी सापडली. जुन्या सुती साडीचे, घरीच शिवलेले. सासूबाईंची आठवण आली.

तोंडावर कापड आपल्याला नवं नाही. मूर्तिपूजक परंपरेत मुहपत्ती हातात धरतात, पूजेला आठपदरी मुखकोश बांधतात. आपल्या स्थानकवासींत ती दोरा घालून तोंडावर बांधतात. ही रीत सतराव्या शतकात लवजी ऋषींपासून रूढ झाली, असं मानतात. हेतू एकच, बोलताना वायुकायाच्या जीवांना इजा होऊ नये. साथीतला मास्क त्या मानाने अलीकडचा. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि गॉझच्या मास्कचा आग्रह धरला.

२०२० मध्ये तो नाचणगावात आमच्या घरीही आला. ओट्यावरच्या गप्पा थांबल्या, माणसं डोळ्यांवरून ओळखावी लागली. हे पुलगावला दुकानात जात, म्हणून सासूबाईंसमोर आम्ही घरातही मास्क लावायचो. हळूहळू त्या गप्प झाल्या. विचारावं एक, उत्तर भलतंच. वयामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो.

एकदा दारातूनच मास्क खाली करून मी विचारलं, "चहा घेता?" त्या लगेच म्हणाल्या, "अर्धा कप." तेव्हा लक्षात आलं, त्यांना ऐकू कमी येत होतं. इतकी वर्षं त्या आमचे ओठ वाचत होत्या.

मग आणखी एक आठवलं. स्थानकातून परतताना त्या नेहमी विचारायच्या, "महासतीजी आज काय म्हणाल्या गं?" यांचं लक्षच नसतं, म्हणून मी मनात चिडायची. मुहपत्तीमागचे ओठ त्यांना दिसतच नव्हते! तरी त्यांनी एकही प्रवचन चुकवलं नाही.

त्या वर्षीचं पर्युषण घरातच झालं. मुंबईतल्या तीन मंदिरांना सर्वोच्च न्यायालयाने शेवटचे दोन दिवस परवानगी दिली, बाकी सगळीकडे दारं बंद. संवत्सरीला मी अंगणात लांब बसले, मास्क काढला आणि सावकाश म्हणाले, "खमतखामणा, आई." त्यांनी हात जोडले.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कसक्ती उठली. सख्यांनो, प्रवचनाहून परतताना कोणी वडीलधारी "काय म्हणाल्या?" असं विचारलं, तर चिडू नका. समोर बसा आणि सगळं पुन्हा सांगा.