ड्रिल मास्तर ते ‘अंशकालीन निदेशक’

पी.टी.चे सर निवृत्त झाले की ती जागा भरली जात नाही, याचं आता आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. खेळाचं साहित्य कपाटात आणि कपाटाची चावी गणिताच्या सरांकडे. पण हे काल-परवाचं दुखणं नाही. थोडं मागे जाऊ.

इंग्रजी अमदानीत शाळेत आली ती कवायत. शिकवायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई. शिक्षण बेताचं, पगार तुटपुंजा, नाव ‘ड्रिल मास्तर’. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची दाराजवळ पडली ती तेव्हापासून. (काही शाळांत ती आजही खरोखर दाराजवळच असते, बघा.)

गंमत म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेर व्यायाम शिकवणाऱ्याला केवढा मान! तालमीत पैलवान वस्तादांच्या पायाला हात लावल्याशिवाय मातीत उतरत नसे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले.

या दोन टोकांना जोडायचा प्रयत्न झाला, तो प्रशिक्षणातून. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्येच वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं होतं. मुंबई प्रांतात १९३७ ला खेर मंत्रिमंडळ आलं, स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शरीरशास्त्र, खेळाचे नियम, शिकवण्याची पद्धत शिकून आलेला माणूस शाळेत येऊ लागला. मास्तरचे ‘सर’ झाले ते अशा प्रशिक्षणामुळे.

मग माशी कुठे शिंकली? माझ्या मते, शिस्तीत. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतून आलेल्या जनरल जगन्नाथराव भोसल्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. हेतू चांगलाच होता. पण शाळांनी शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्त, एवढाच अर्थ उचलला. रांगा, गणवेश, उशिरा येणारी पोरं, प्रभातफेरी, पाहुण्यांचा बंदोबस्त, सगळं पी.टी.च्या सरांच्या गळ्यात. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास इंग्रजीला. एक निवृत्त सर मला म्हणाले, “तीस वर्षांत मुख्याध्यापकांनी कधी विचारलं नाही, की पोरं किती पळतात. विचारलं ते एवढंच, रांग वाकडी का?”

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर यावर शिक्काच मारला. सहावी ते आठवीला १०० च्या वर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला ‘अंशकालीन’ निदेशक, असं परिशिष्टात लिहिलंय. त्याच परिशिष्टात मैदान मात्र सक्तीचं आहे. म्हणजे १०० च्या आतल्या शाळेत मैदान हवं, पण त्यावर शिकवणारा नसला तरी चालेल!

बी.पी.एड. झालेली आपली पोरं पहाटे पोलीस भरतीवाल्यांचं ग्राउंड घेतात आणि दिवसा जमेल ते काम करतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जाणार असाल तर एवढं विचारून या: खेळाच्या तासाला पोरांबरोबर कोण असतं, आणि त्याला महिन्याला किती मिळतात?