खानदेशातील दंगलीचा कारभार

1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली आणि महसुलाची दप्तरे वाटली गेली. परंतु तापी-पांझरेच्या खोऱ्यातील गावोगावच्या यात्रा आणि त्या यात्रांतील कुस्त्यांची दंगल यांची वाटणी कोणत्याही सरकारी हुकुमाने झाली नाही. आज क्रीडाव्यवस्थापन या नावाने विद्यापीठांतून जे शास्त्र शिकविले जाते, त्याची या प्रांतातील पूर्वपीठिका या दंगलीच्या कारभारातच शोधावी लागते.

यात्रेचे पंच घरोघर फिरून वर्गणी गोळा करीत, ती नावनिशीवार वहीत मांडीत आणि आखाड्याची माती खणून, चाळून मऊ करवून घेत; मग जोड लावण्याचे नाजूक काम वस्तादांच्या हाती येई. दोन गड्यांना शेजारी उभे करून, त्यांची उंची, अंगलट, वय आणि तालमीचा लौकिक पाहून जोड ठरे. ती विजोड झाली, तर प्रेक्षक खवळत आणि वस्तादाच्या शब्दाला बट्टा लागे. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्तीपासून आरंभ होऊन इनामाची रक्कम चढत चढत मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत जाई. निधीसंकलन, नियोजन, निवाडा आणि जमाखर्च ही चारही अंगे पंचांच्या त्या एका वहीत सामावलेली असत.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव मात्र होती. इनाम एका दिवसाचे आणि खुराक वर्षभराचा. दंगल उठली की पंचांचे दायित्व संपे, आणि मल्लाचे दूध-बदाम, दुखापत व उतारवय यांचा भार त्याच्या शेतकरी बापावर पडे.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे निरनिराळ्या दिशांनी झाले. वाकोदचे भवरलाल जैन यांनी वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेऊन 1963 मध्ये जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून धंदा आरंभिला, आणि त्यातून वाढलेल्या जैन इरिगेशनने कॅरम, क्रिकेट, बुद्धिबळ यांतील खेळाडूंना पदरी घेऊन क्रीडा अकादमी उभारली. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपद दिले. तथापि अशी नेमणूक शिखर गाठणाऱ्या एखाद्याच्याच वाट्याला येते. शेकडो होतकरू पोरांसाठी उपाय हवा तो कायमच्या व्यवस्थेचा, आणि अशी व्यवस्था चालवायला जाणती माणसे हवीत.

अमेरिकेतील एका बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनाही, संघाचा कारभार हाकण्यास प्रशिक्षित माणसे कोठून मिळावीत, हाच प्रश्न पडला होता. त्यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांशी केलेल्या विचारविनिमयातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. आज पुण्या-मुंबईतही असे अभ्यासक्रम आहेत, आणि वाणिज्य व व्यवस्थापनाचा पाया तर 1990 मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाच्या छत्राखाली घराजवळच घालता येतो. 2013 च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या खर्चात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश केला असल्यामुळे, ज्याला प्रस्ताव लिहिता येतो, करारनामा वाचता येतो आणि पै-पैचा हिशेब चोख ठेवता येतो, अशा पदवीधराला तालमीसाठी निधी मागण्याचा राजमार्ग खुला आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, जळगाव-धुळ्याच्या ज्या तरुणास या क्षेत्रात उपजीविका करावयाची आहे, त्याने महानगरातील झगमगत्या स्पर्धांकडे जाण्यापूर्वी एका तरी यात्रेत पंचांच्या पंगतीला बसून वही लिहावी. जोड लावणाऱ्या वस्तादाची न्यायबुद्धी त्याने तेथे आत्मसात करावी, आणि आपल्या विद्येच्या बळावर मल्लाच्या उरलेल्या वर्षाची तजवीज करावी. तेवढे त्याने साधले, तर पंचांच्या वहीत कधीच न चढलेली रक्कम जमेच्या बाजूस लागेल.