रानांतील प्राण्यांचीं छायाचित्रें

रानांतील प्राण्याचें छायाचित्र हातीं आलें कीं आपण प्रथम पाहतों, प्राणी किती मोठा दिसतो. परंतु श्रोते हो, चित्राची परीक्षा तेवढ्यानें होत नाहीं. प्राण्याबरोबर त्याचें रानहि चित्रांत आलें पाहिजे. ही दृष्टि कशी घडत गेली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

अमेरिकेंतील जॉर्ज शायरस हे आरंभीं शिकारी होते. रात्रीं होडींत दिवा लावून काठावरच्या हरणांना दिपविण्याची शिकाऱ्यांची युक्ति त्यांनीं उचलली आणि बंदुकीच्या जागीं कॅमेरा आणला. जुलै १९०६ मध्यें 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें त्यांचीं ७४ छायाचित्रें छापलीं. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रांत लिंक्स नांवाचें मोठें रानमांजर तळ्याकाठीं बसलें आहे व पाण्यांत त्याचें प्रतिबिंब पडलें आहे. चित्र सुंदर खरें. पण प्रकाशाच्या टप्प्याबाहेरचें सारें रान काळोखांत बुडालें आहे.

आपल्याकडे संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तिला लागतांच प्रकाश पडे आणि चित्र उमटे. 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. या रीतींत चित्र घेणारा जागेवर नसतो. क्षण वाघ निवडतो. म्हणून वाट कोणती, कॅमेरा किती उंचीवर, मागें झाडी कीं आकाश, हा सगळा विचार आधींच करावा लागतो. चित्ररचना म्हणजे मुख्यतः हा पूर्वविचारच होय. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. त्यामुळें अशा चित्रांवरून वाघ ओळखतां येतो. याच तत्त्वावर डॉ. उल्हास कारंत यांनीं १९९० नंतर नागरहोळे येथें वाघांची संख्या अजमावली.

तेव्हां चित्राचें परीक्षण करतांना क्रम असा ठेवावा. प्राणी मोकळा होता कीं पिंजऱ्यांतला, हें प्रथम विचारावें. चित्रासाठीं घरटें उघडें पाडलें असेल, तर तें कितीहि सुबक असो, त्याची वाखाणणी करूं नये; कारण त्याची किंमत पिलांनीं दिलेली असते. मग त्याचें रान ओळखूं येतें का, तें पाहावें. सर्वांत शेवटीं सौंदर्य: तोंडापुढें मोकळी जागा आहे का, क्षितिजाची रेषा मान कापीत नाहीं ना, डोळा स्पष्ट आहे का. हा क्रम उलटला, तर आपण नकळत खोट्या चित्रांना उत्तेजन देतों, आणि त्याचा त्रास मुक्या जीवांना भोगावा लागतो.