आठ टक्के आले कुठून?

१९४९च्या मार्चमध्ये आपल्याकडे बँकिंग कंपन्यांचा कायदा लागू झाला. ‘बँकिंग नियमन कायदा’ हे आजचं नाव त्याला नंतर मिळालं. त्याचं अकरावं कलम आज वाचताना गंमत वाटते. बँकेचं स्वतःचं भांडवल किमान किती हवं, हे त्या कलमात बँकेच्या पत्त्यावरून ठरवलं होतं. एकाहून जास्त राज्यांत शाखा असतील तर भांडवल आणि गंगाजळी मिळून पाच लाख रुपये. त्यातली एखादी शाखा मुंबईत किंवा कलकत्त्यात असेल तर दहा लाख. कारभार एकाच राज्यात असेल आणि ही दोन शहरं त्यात नसतील, तर मुख्य कचेरीचे एक लाख, त्याच जिल्ह्यातल्या दर शाखेचे दहा हजार, आणि जिल्ह्याची वेस ओलांडली की दर शाखेमागे पंचवीस हजार. बँकेनं कर्ज किती वाटलं आणि कुणाला वाटलं, याबद्दल कलमात अवाक्षर नाही.

पुढे १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२पासून ठेव विमा आला. सुरुवातीला त्याची मर्यादा एका ठेवीदाराला दीड हजार रुपये होती. कर्जाची जोखीम तोलून भांडवल मोजायला मात्र आपल्याकडे १९९२ उजाडावं लागलं. ती पद्धत आपली नव्हे, तिचं कूळ परदेशातलं आहे, आणि ते फारसं शास्त्रशुद्धही नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. भांडवल म्हणजे तिजोरीत बाजूला काढून ठेवलेली रोकड, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही असते. ते खरं नाही. बँकेनं शंभर रुपयांची कर्जं दिली, त्यातले ब्याण्णव ठेवीदारांचे आणि आठ मालकांचे, तर ते आठ म्हणजे भांडवल. तेही कर्जातच गेलेले असतात. फरक पडतो तो कर्ज बुडाल्यावर. शंभरातले पाच बुडाले तर मालकांचे गेले, ठेवीदाराला कळतही नाही. नऊ बुडाले तर मालक संपले आणि नववा रुपया ठेवीदाराच्या खिशातून गेला. म्हणजे प्रश्न एवढाच, की मालकानं स्वतःचे किती घालावेत? मालकाला वाटतं, जितके कमी तितकं बरं, कारण त्याच नफ्याला वाटेकरी कमी. अमेरिकन बँकांमध्ये १८४०च्या सुमारास मालकांचा वाटा एकूण मालमत्तेच्या निम्म्याच्या आसपास होता. शंभर वर्षांत तो घसरत घसरत एकआकडी झाला.

जोखमीप्रमाणे वजन लावायची कल्पना निघाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. त्याआधी अमेरिकेत साधा ठोकताळा असे, ठेवींच्या एकदशांश भांडवल. युद्धात बँकांनी सरकारी रोखे इतके घेतले, की ठेवी आणि मालमत्ता फुगल्या, पण बुडण्याजोगं त्यात फारसं काही नव्हतं. जुन्या मापानं या बँका दुबळ्या दिसू लागल्या. तेव्हा तपासनिसांनी रोकड आणि सरकारी रोखे हिशेबातून वगळले आणि उरलेल्या ‘जोखमीच्या’ मालमत्तेशी भांडवल ताडून पाहायला सुरुवात केली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं आणखी पुढे जाऊन मालमत्तेचे सहा गट पाडले. प्रत्येक गटाला वेगळी टक्केवारी: बिनधोक कागदाला काही नाही, जितकं धोक्याचं कर्ज तितकं जास्त भांडवल. आज जगभरच्या बँका तिमाहीला जो तक्ता भरतात, त्याचा मूळपुरुष हा. तेव्हा तो कायदा नव्हता. तपासनिसाच्या हातातलं ते एक साधन होतं, आणि शेवटचा शब्द त्याच्या अनुभवाचा असे. माझ्या मते ती व्यवस्था आजच्यापेक्षा प्रामाणिक होती.

पुढचा धागा जर्मनीतला. कोलोनमधल्या हर्श्टाट बँकेनं परकीय चलनाच्या सट्ट्यात सुमारे ४७ कोटी मार्क घालवले होते. २६ जून १९७४ला जर्मन अधिकाऱ्यांनी तिला टाळं लावलं. तेव्हा जर्मनीत कामकाजाचा दिवस संपत आला होता, पण न्यूयॉर्कमध्ये अजून सकाळ होती. ज्या बँकांनी फ्रँकफर्टमध्ये मार्क चुकते केले होते, त्या बदल्यात मिळणाऱ्या डॉलरांची न्यूयॉर्कमध्ये वाट पाहत राहिल्या. डॉलर आलेच नाहीत. एका देशातली बँक बुडवली की दुसऱ्या खंडातल्या बँका अडकतात, हे लख्ख दिसलं. वर्ष संपायच्या आत दहा बड्या देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांनी एक समिती नेमली. तिचं बिऱ्हाड स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात पडलं, कारण जर्मनीकडून पहिल्या महायुद्धाची भरपाई वसूल करण्यासाठी १९३० साली काढलेली आंतरराष्ट्रीय बँक तिथे होती आणि हे प्रमुख तिथे एरवीही भेटत. आपण त्या शहराला इंग्रजी वळणानं ‘बेसल’ म्हणतो.

या समितीच्या हाती अधिकार काहीच नव्हता, आजही नाही. ती फक्त शिफारस करते. मग आठ टक्के साऱ्या जगाच्या बोकांडी बसले कसे?

त्याला कारण मेक्सिको. १९८२च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोनं कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, आणि अमेरिकेच्या मोठमोठ्या बँका उघड्या पडल्या. अशा देशांना सावरायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला जादा पैसा हवा होता. अमेरिकी काँग्रेसनं तो दिला, पण बँकांना चाप लावण्याच्या अटीवर. बँकांनी लगेच गाऱ्हाणं मांडलं: आम्हाला भांडवल वाढवायला लावाल, आणि तिकडे जपानी बँका चिमूटभर भांडवलावर आमचे ग्राहक पळवतील. गाऱ्हाण्यात तथ्य होतं. मग एकट्यानं नियम करण्यापेक्षा सगळ्यांनाच त्यात ओवायचं ठरलं. फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर १९८६ साली लंडनला बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांकडे जेवायला गेले आणि तिथे बोलणी जुळली. १९८७च्या जानेवारीत दोन्ही देशांनी परस्पर मसुदा जाहीर केला. लंडन आणि न्यूयॉर्क एका बाजूला गेल्यावर बाकीच्यांना, विशेषतः जपानला, बाहेर राहणं परवडणारं नव्हतं.

जुलै १९८८मध्ये करार ठरला. १९९२ अखेर जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे प्रत्येक कर्जाची त्याच्या वजनाइतकीच टक्केवारी धरून केलेल्या बेरजेच्या, किमान आठ टक्के भांडवल. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर कुक, म्हणून युरोपात त्याला ‘कुक प्रमाण’ म्हणत. हा आठाचा आकडा कुठल्या गणितातून निघालेला नाही. बऱ्याच बँकांना थोडी धाप लागेल पण कुणी कोसळणार नाही, इतपत तो ठेवला होता. भांडवल कशाला म्हणायचं, यावरही घासाघीस झाली. जपानी बँकांकडे जुन्या भावात घेतलेले शेअर पडून होते, म्हणून त्यांच्यावरचा न मिळालेला नफासुद्धा ४५ टक्के भांडवलात धरायची मुभा मिळाली. दोन वर्षांत तोक्योचा बाजार कोसळला आणि ते भांडवल कागदावरून उडालं.

वजनांचा तक्ता तर राजकारणाचा नमुनाच होता. श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेतल्या सरकारांना दिलेल्या कर्जाला शून्य वजन, त्यांच्या बँकांना वीस, घरकर्जाला पन्नास, बाकी सगळ्यांना शंभर. तुर्कस्तान त्या संघटनेत होता म्हणून त्याला शून्य, सिंगापूर नव्हता म्हणून त्याला शंभर. नावाजलेला कारखाना आणि कालपरवा उघडलेलं दुकान, दोघांचं वजन एकच. बँकांनी यातून काय शिकावं? कर भरायचा असला की माणूस पळवाट शोधतोच. चांगल्या कंपन्यांची कर्जं विकून टाकायची आणि त्याच शंभर वजनात जास्त व्याजाची, जास्त धोक्याची कर्जं ठेवायची, हा उद्योग लवकरच सुरू झाला.

यावर उपाय म्हणून २००४ साली दुसरी आवृत्ती आली. तिनं मोठ्या बँकांना आपापली वजनं स्वतःच्या गणितानं काढायची परवानगी दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणणं जरा जहाल होईल, पण इंग्लंडच्या नॉर्दर्न रॉकचं उदाहरण पाहा. २००७च्या उन्हाळ्यात तिला ही परवानगी मिळाली, तिचं लागणारं भांडवल कागदोपत्री घटलं, आणि जुलैत तिनं त्या खुशीत लाभांश वाढवला. सप्टेंबरात तिच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीनं मग अस्सल भागभांडवलाचा हिस्सा वाढवला, वर अडीच टक्क्यांची राखीव फळी घातली, आणि वजनं बिजनं काही न लावता एकूण मालमत्तेच्या तीन टक्के भांडवल हवंच, अशी अटही घातली. म्हणजे फिरून पुन्हा १९५२च्या आधीच्या साध्या मापाकडे थोडं येणं झालं.

आपल्याकडे नरसिंहम समितीनं नोव्हेंबर १९९१मध्ये अहवाल दिला आणि १९९२मध्ये रिझर्व्ह बँकेनं आठ टक्क्यांचा दंडक आणला. त्याच वेळी थकीत कर्ज म्हणजे काय, याची व्याख्याही आवळली गेली. सरकारी बँकांकडे इतकं भांडवल नव्हतं. मालक सरकार, आणि त्याच्याकडे पैसा नव्हता. तेव्हा १९९३-९४मध्ये ५,७०० कोटींची युक्ती झाली. सरकारनं बँकेत भांडवल घातलं, आणि बँकेनं तेवढ्याच रकमेचे सरकारी रोखे घेतले. पैसा या हातातून त्या हातात गेला आणि आला. बँकेच्या एका बाजूला भांडवल वाढलं, दुसऱ्या बाजूला रोखे आले, आणि रोख्यांना वजन शून्य. २०१७मध्ये १ लाख ३५ हजार कोटींसाठी हीच वाट पुन्हा धरली. नावं ठेवायला सोपं आहे, पण व्याजाचा बोजा खराच सरकारवर पडतो, त्यामुळे याला निव्वळ हातचलाखी म्हणता येणार नाही.

मार्च २०००पासून आपण आठाचे नऊ केले. आता राखीव फळी धरून व्यापारी बँकांना साडेअकरा टक्के लागतात. एका गोष्टीचं श्रेय मात्र रिझर्व्ह बँकेला द्यायला हवं. वजनाचा उपयोग लगाम म्हणून करता येतो, हे तिनं जगाच्या आधी ओळखलं. घरकर्जं भरमसाट वाढू लागली तेव्हा डिसेंबर २००४मध्ये, वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, त्यांचं वजन ५०वरून ७५ केलं, आणि वैयक्तिक वापराच्या कर्जांचं १००वरून १२५. बांधकाम व्यवसायाच्या कर्जाचं वजन पुढच्या दीड वर्षात १५०वर नेलं. नोव्हेंबर २०२३मध्ये बिनतारणी वैयक्तिक कर्जाला पुन्हा १२५ लावलं. नऊ टक्क्यांनी हिशेब करा: लाखाच्या कर्जामागे बँकेला नऊ हजारांऐवजी सव्वाअकरा हजार स्वतःचे घालावे लागतात. मोबाइलवर चुटकीसरशी मिळणारं कर्ज महागलं, त्यामागे हाही हिशेब होता.

महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांची रीत वेगळीच. तिथे बाजारात शेअर विकता येत नाहीत, मग भांडवल आणायचं कुठून? तर कर्जदाराकडूनच. तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या पाच टक्के रकमेचे भाग त्यानं घ्यायचे. दहा लाखांचं तारणी कर्ज मंजूर झालं की पंचवीस हजार भागापोटी कापले जायचे, हाती पावणेदहा लाख आणि एक भागपत्र. कर्जदार कुरकुरे, कारण व्याज मात्र पुऱ्या दहा लाखांवर. म्हणजे बँकेनं स्वतः दिलेल्या कर्जाचाच तुकडा तिचं भांडवल म्हणून परत येई, आणि कर्ज फिटलं की सभासद भाग परत मागे. भांडवल पुरेसं असलेल्या बँकांवर ही सक्ती आता उरलेली नाही. जोखीमभारित प्रमाण या बँकांना २००२पासून टप्प्याटप्प्यानं लागलं. आज छोट्या बँकांना नऊ टक्के आणि त्यावरच्या सगळ्यांना बारा, अशी विभागणी आहे.

आणि तरीही पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक बुडाली. मार्च २०१९च्या ताळेबंदात तिचं प्रमाण बारा टक्क्यांच्या वर होतं. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला पहिल्यांदा हजार रुपयेच काढता येत होते. एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम गेली होती आणि ती एकवीस हजारांवर बनावट खात्यांत दडवली होती, असं तपासात पुढे आलं. तक्त्यात वजनं बरोबर लावली होती, फक्त कर्जदार खोटे होते.

यंदा तुमच्या बँकेचा वार्षिक अहवाल आला की सभेच्या जेवणाच्या कूपनाबरोबर तो बाजूला सारू नका. भांडवल पर्याप्ततेचा आकडा पहिल्या काही पानांत ठळक असतो, तो बघाच. पण मागच्या बाजूला, लेखापरीक्षकांच्या अहवालाजवळच्या टिपांत, सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे, हेही बँकेला छापावं लागतं. तो आकडा मोठा वाटला, तर सर्वसाधारण सभेत उभं राहून कारण विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.